तुला जागं राहायचं होतं

सुमन रामभाऊ साळवे हे माझ्या आत्याचं नाव. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, आणि ती पदवी माझ्या हातात आली ती या एका बाईमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी तिच्याशीच बोलणार आहे.

आत्या, परवा मोहन्याच्या बुद्धविहारात तू गेल्यावरचा जलदानविधी झाला. तुझी सगळी माहिती तिथे सांगून झाली. माहेर कुठलं, लग्न कधी, कल्याणच्या दवाखान्यात मावशी म्हणून किती वर्षं काढलीस, ते सगळं. मी ते इथे परत सांगत नाही. तूही ते ऐकताना कंटाळली असतीस आणि शेजारणीला हळूच विचारलं असतंस, भात कुणी बघतंय का, का सगळ्या इथेच येऊन बसल्या.

मला जे सांगायचं आहे ते तिथे सांगता आलं नाही. गायकवाडकाका माईकवर उभे राहिले आणि म्हणाले, "सुमनबाईंनी शेवटपर्यंत जागृत राहून, वेदनेकडे शांतपणे बघत, हसतमुखाने देह ठेवला." पुढे बसलेल्या पांढऱ्या साड्यांतल्या दोघी-तिघींनी हात जोडले. लगेच माझं नाव पुकारलं. मी गेलो, आलेल्यांचे आभार मानले आणि खाली येऊन बसलो.

काका म्हणाले तसं झालं नव्हतं. आणि ते तिथे फक्त मला माहीत होतं.

कार्यक्रम संपल्यावर चपला शोधताना मी काकांना बाजूला घेतलं आणि खरं काय ते थोडक्यात सांगितलं. काका विहाराचे सेक्रेटरी, मोहन्याच्या बंद पडलेल्या कंपनीतले जुने कामगार. तुझ्या ध्यानाची जन्मभर टिंगल करत आले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला. म्हणाले, तसं मला कुणी सांगितलं नव्हतं रे, पण बायका इतक्या आशेनं बघत होत्या की निघून गेलं तोंडातून. मग जरा वेळानं म्हणाले, "मी काय आता परत माईकवर जाणार नाही. तुला लिहिता येतं. तू लिही."

म्हणून लिहितोय.

मी बारावी करून जिंतूरहून मोहन्याला तुझ्याकडे आलो तेव्हा कॉलेज म्हणजे काय ते आपल्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी परत जायला निघालेलो. वर्गात सर इंग्रजीतून काय बोलतात ते कळेना, आणि कळत नाही हे सांगायची लाज वाटे. तू ड्युटीवरून आलीस, हातांना फिनेलचा वास. तू माझी समजूत घातली नाहीस. म्हणालीस, जा, पण तिथे जाऊन काय करणार तेवढं सांगून जा. मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तू दवाखान्यातून औषध कंपन्यांची कोरी पॅडं घेऊन आलीस, डॉक्टर लोक टाकून देतात ती. अडलेला एकेक शब्द यावर लिही म्हणालीस, आणि वर औषधाचं नाव छापलंय तेही वाच, तेही इंग्रजीच आहे. मी बी.एस्सी. झालो तो त्या पॅडांवर. आज प्रयोगशाळेत औषधं तपासायचं काम करताना त्यातलं एखादं नाव समोर येतं आणि मला तुझी खोली आठवते.

त्या खोलीत माझं अंथरूण आणि तुझं आसन यांच्यामध्ये फक्त गॅसची शेगडी होती. मी उठायचो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून बसलेली असायचीस. सुरुवातीला मला वाटलं, मामांच्या दुःखानं तुझं असं झालंय. मामा, म्हणजे तुझा नवरा, मी येण्याआधीच गेलेले. तेही काकांच्याच कंपनीत, आणि ती बंद पडल्यावर ते कित्येक वर्षं रोज सकाळी दाढी करून, शर्ट खोचून गेटपर्यंत जाऊन यायचे. आज उघडेल म्हणून. ते गेले तेव्हा तुला रडू आलं नाही, इतकी तू चिडलेलीस. हे तूच मला सांगितलंस. म्हणालीस, "माणसानं वाट बघायचीच असेल तर अशा गोष्टीची बघावी, जिला कुणी कुलूप लावू शकत नाही." त्यानंतर कुणाच्या तरी सांगण्यावरून तू विपश्यनेच्या शिबिराला गेलीस आणि परत आल्यावर रोज बसायला लागलीस.

पौर्णिमेला पांढरी साडी नेसून अष्टशील घ्यायचं, दुपारनंतर जेवायचं नाही, हे विहारातल्या बाकीच्या बायकाही करायच्या. पण वंदना झाली की त्या घरी जायच्या, तू मागे राहायचीस. त्या विचारायच्या, काय दिसतं गं तुला? तू म्हणायचीस, भिंत. आणखी काय? गुडघे दुखतात. त्या हसायच्या, पण पुढच्या पौर्णिमेला परत विचारायच्या. गायकवाडकाकांनी एकदा सगळ्यांसमोर तुला टोकलं. म्हणाले, सुमनबाई, आपल्या लोकांना मान वर करायला किती पिढ्या लागल्या, आणि तुम्ही परत डोळे मिटून बसताय. तू सतरंजी गुंडाळत होतीस. म्हणालीस, "मान वर करूनच मिटते भाऊ. खाली घातली तर झोप लागते."

मी काकांच्या बाजूचा होतो. तुला ते माहीत होतं.

मी म्हणायचो, आपल्या माणसांची मुक्ती म्हणजे शाळा, नोकरी, कुणाच्या पुढे हात न जोडता जगणं. ती तू मला मिळवून दिलीस. याच्यापुढे आणखी कुठली मुक्ती पाहिजे तुला? तू मला दवाखान्यातलं सांगायचीस. "वॉर्डात बेल वाजली की मी उठून जाते. कधी कुणाला पाणी हवं असतं, कधी पेशंटचा हात चुकून लागलेला असतो. पण वाजली की जावंच लागतं. तुझे मामा गेल्यापासून माझ्या आत अशी एक वाजतेय. मी रोज उठून बघायला जाते." मी विचारलं, मग कोण असतं तिथे? तू म्हणालीस, अजून तरी कुणी नाही, पण ती थांबत नाही ना.

शेवटच्या वर्षाला असताना मी तुला कोंडीत पकडायचं ठरवलं. तू मेथी निवडत होतीस. मी म्हणालो, धम्म सांगतो की तृष्णेतून दुःख येतं, तृष्णा सोडा. आणि तू तर मुक्तीचीच तृष्णा धरून बसलीस. हे कसं काय? तू मेथी निवडत राहिलीस. मला वाटलं, जिंकलो. पुढे काही दिवसांनी, विषय नसताना, भांडी घासता घासता तू म्हणालीस, "तुझं बरोबर आहे. हीसुद्धा तृष्णाच. पण हिनं बाकीच्या घालवल्या रे. साडीची गेली, सोन्याची गेली, जाऊबाई काय बोलली ते उगाळायची गेली. आता ही एकटी उरलीय. ही कधी जाईल, माहीत नाही. जाईल तेव्हा तक्रार करायला मी नसेन बहुतेक."

मी आवाज चढवला. म्हणालो, तुला माझं काही कौतुकच नाही. तू नळ बंद केलास. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणालीस, "तुला शिकवलं ते माझं काम होतं. हे माझं स्वतःचं आहे."

आत्या, ते वाक्य मला खूप वर्षं लागून राहिलं. मला वाटायचं, मी तिला पुरेसा का नाही? आपल्या घरातला पहिला पदवीधर समोर बसलाय आणि ही बाई भिंतीकडे तोंड करून कशाची वाट बघते? हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तू काय म्हणाली असतीस ते मी किती प्रकारे ऐकून बघितलंय, पण त्यातलं एकही तुझ्या आवाजात येत नाही.

दवाखान्यातली नोकरी संपल्यावर तू म्हणालीस, आता श्रामणेरी दीक्षा घ्यायची, थोड्या काळासाठी का होईना. केस काढायचे, चीवर घालायचं, भिक्षेला जायचं. मी नाही म्हटलं नाही. माझं लग्न ठरत होतं, तू थांबलीस. मग माझ्या बायकोचं, सीमाचं बाळंतपण आलं, तू कोपरीला आमच्याकडे येऊन राहिलीस. मग तुझ्या पोटातल्या दुखण्याचं निदान झालं आणि कोपरीतच मुक्काम पडला, ठाण्यातलं हॉस्पिटल जवळ म्हणून. केमोनं केस गेले. आरशात बघून तू सीमाला म्हणालीस, निम्मी दीक्षा तर झाली, आता चीवराचं बघा. सीमा हसता हसता स्वयंपाकघरात निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

कोपरीच्या खोलीत खिडकीखाली रिक्षा, पलीकडून स्टेशनवरच्या घोषणा. मी म्हणालो, बसताना खिडकी लावत जाऊ का? तू म्हणालीस, राहू दे, मोहन्याला शेजारच्यांचा टीव्ही होता.

मग केमो थांबवायचं ठरलं. डॉक्टरबाईंनी पुढे काय होईल ते आपल्याला समोर बसवून सांगितलं. हाडांपर्यंत गेलंय, वेदना वाढतील, मॉर्फिन देऊ, शेवटी शेवटी त्या बऱ्याचदा झोपेतच असतील. घरी येऊन तू चहा मागितलास. कप हातात धरून बसलीस, पण प्यायली नाहीस.

"माझ्यासमोर किती जण गेले," तू म्हणालीस. "सुई दिली की झोपायचे आणि झोपेतच जायचे. घरचे म्हणायचे, सुटला. अंग पुसताना मला वाटायचं, गेला तेव्हा याला कळलं तरी का? मला कळलं पाहिजे संघा. एवढी वर्षं बसले ती त्या वेळेला जागं राहता यावं म्हणून. मला झोपवू नका."

मी बरं म्हणालो. तू तेवढ्यावर थांबली नाहीस. "मी मागितलं तरी देऊ नको. तेव्हा मी बोलत नसेन, दुखणं बोलत असेल."

मी शब्द दिला. डॉक्टरबाईंना तसं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, पण झोप येईल एवढा डोस विचारल्याशिवाय देणार नाही म्हणाल्या.

शेवटच्या आठवड्यात तुझ्या छातीत कफ भरला आणि तुला आयसीयूत हलवलं. भेटायची वेळ ठरलेली. त्या वेळेत मी यायचो तेव्हा तुझे डोळे मिटलेले असायचे आणि मला वाटायचं झोपलीस. तू म्हणायचीस, झोपले नाही, आडवी बसलेय. ओठ हलायचे. येतंय. जातंय. येतंय. जातंय. कमरेतून कळ आली की तू चादर मुठीत धरायचीस, आणि मग एकेक बोट सोडवायचीस. आधी अंगठा. मग बाकीची. चेहरा पिळवटलेला, पण बोटं सुटायची. मी कॉटच्या पायाशी उभा राहून त्या बोटांकडे बघायचो. इतकी वर्षं मी ज्याची थट्टा केली ते काय होतं, ते मला तेव्हा थोडंसं दिसलं.

आणि मग त्या दुपारी बोटं सुटेनात. तू डोळे उघडलेस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "जात नाही रे. नुसतं येतंय."

मी उशाशी आलो.

"संघा, सुई दे."

"आत्या, तूच म्हणाली होतीस की..."

"म्हणाले होते. दे आता."

तू मान पलीकडे वळवलीस. मी परत हाक मारली, तू वळली नाहीस. तेवढ्यात वेळ संपली म्हणून आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं.

दाराबाहेर डॉक्टरबाईंनी विचारलं, काय करायचं? तुम्हीच नको म्हणाला होतात. मी भिंतीला टेकलो. माझ्यासमोर दोन आत्या होत्या. एक चहाचा कप धरून, विचार करून, मला बजावून सांगणारी. दुसरी मूठ उघडता न येणारी. मी पहिलीला शब्द दिलेला. दुसरीच्या तोंडून दुखणं बोलत होतं का? असेल. पण ते दुखणं दुसऱ्या कुणाला होत नव्हतं, तुलाच होत होतं. मी म्हणालो, ती मागतेय ते द्या.

मला त्याचा पश्चात्ताप होत नाही. शंका मात्र येते, आणि ती बहुतेक माझ्यासोबतच राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. झोपेत. हसतमुखाने नाही. तोंड उघडं होतं आणि एका बाजूला वळलेलं. तिथल्या एका मावशीनं गॉजची पट्टी घेऊन तुझी हनुवटी बांधली, तू इतक्या जणांची बांधलीस तशीच. हलक्या हातानं बांधली. मी तिला सांगितलं, हीसुद्धा दवाखान्यात मावशीच होती. तिनं मान हलवली आणि तुझं कपाळ पुसलं, जे पुसायची गरज नव्हती.

विहारातल्या बायका हे वाचतील तेव्हा म्हणतील, सुमनबाईला नाही जमलं, मग आपलं काय? त्यांना मी काय सांगू? मला ध्यानातलं कळत नाही. तू पोचलीस की नाही, पोचणं म्हणून काही असतं की नाही, मी सांगू शकत नाही, आणि ज्यांना ते सांगता येतं असं वाटतं त्यांच्यावर आता माझा विश्वास बसत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की तू त्यांना कधी खोटं सांगितलं नाहीस. तुला भिंत दिसली तेव्हा तू भिंत म्हणालीस. दुखणं जाईना तेव्हा जात नाही म्हणालीस. सगळा जन्म ज्यासाठी घालवला ते हातातून सुटतंय हे समोर दिसत असताना, माझ्यासमोर, तू खरं बोललीस. ती तुझी जन्मभराची ओढ नसती तर एवढं खरं बोलायची ताकद कुठून आली असती? मी त्या ओढीवर रागावलेलो. आज मला तिच्याबद्दल काय वाटतं त्याला कृतज्ञता हा शब्द पुरत नाही, पण माझ्याकडे तोच आहे.

काकांनी विहारात तुला एक सुंदर मरण दिलं. मी ते काढून घेतोय. तू असतीस तर चिडली नसतीस असं वाटतं.

आता एकच सांगायचं राहिलं. डॉक्टरबाईंना हो म्हटल्यावर कळलं की औषध सुरू व्हायला थोडा वेळ आहे, पण मला परत आत सोडणार नाहीत. तुझी मान तशी वळवलेलीच असताना मला तुला जाऊ द्यायचं नव्हतं. मी बाकावर बसून तुला चिठ्ठी लिहिली आणि ड्युटीवरच्या सिस्टरकडे दिली. डोंबिवलीची मुलगी, नवीनच लागलेली. ती म्हणाली, दादा, मी वाचून दाखवते. ती बाहेर आल्यावर मी विचारलं, ऐकलं का आत्यानं? ती म्हणाली, औषध सुरू झालेलं, सांगता येत नाही. पण मी कानाशी वाचली, सगळी वाचली.

ती चिठ्ठी अशी होती.

आत्या,

मला आत सोडत नाहीत म्हणून लिहून पाठवतोय. सिस्टर वाचून दाखवतील.

डॉक्टरबाईंना मी हो म्हणालोय. तू मागितलंस म्हणून नाही, मी ठरवलं म्हणून. शब्द मोडला असेल तर तो मी मोडला, तू नाही. हे नीट ऐक. तू तुझ्याकडून काहीही मोडलेलं नाहीस.

तू मान फिरवलीस. माझ्यासमोर कसली लाज? पहिल्या आठवड्यात कॉलेज सोडून पळत होतो तेव्हा तू मला हसली नव्हतीस.

थोड्या वेळात तुला झोप येईल. येऊ दे. तुला जागं राहायचं होतं ते मला माहीत आहे. मला बसता येत नाही, तेही तुला माहीत आहे. आत्ता चपला काढून या बाकावर मांडी घातलीय. शेजारचे गृहस्थ जरा सरकून बसले, त्यांना वाटलं मला चक्कर आली. श्वास येतोय, जातोय, एवढंच कळतंय. मध्येच सीमाला फोन करायचं आठवतं, मध्येच तुझी मूठ दिसते, मग परत श्वासावर येतो. असंच असतं का गं? का मी चुकतोय?

तू झोप. तुझ्या जागी कुणीतरी जागं आहे, दाराच्या अलीकडे. तुला कळो न कळो, मी इथून उठणार नाही.

तुझा,
संघा